पुण्याच्या सरळ खाली

कालपासून हॉलमध्ये एक खोकं उघडं पडलंय. त्यात बाकरवडीची चार पाकिटं, सासूबाईंच्या हातचा गोडा मसाला, कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या झाकणाला तीनदा टेप गुंडाळून, मुलांनी काढलेली चित्रं, आणि लक्ष्मी रोडला दोन दुपारी फिरून मी शोधून आणलेली जरीची लेस, आठ मीटर. हे सगळं लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर चाललंय. आणि १५ मेच्या आत कोचीहून निघायला हवं, कारण १५ मे ते १५ सप्टेंबर लक्षद्वीपला माल नेणारी लाकडी गलबतं बंद असतात, मोठी जहाजं चालतात पण त्यांचाही भरवसा समुद्रावर, एकदा पावसाळा लागला की खोकं कोचीच्या गोदामात महिनाभरसुद्धा पडून राहतं, लोणचं टिकेल पण बाकरवडी नाही टिकणार.

खोकं भरता भरता वाटलं की आता लिहूनच काढावं. आम्हाला परत येऊन वर्ष झालं आणि अजूनही कुणी भेटलं की विचारतं, दोन लहान मुलं घेऊन तिकडे कशी गं राहिलीस. दर वेळी मी दोन वाक्यं बोलते, मजा आली, समुद्र फार सुंदर आहे, आणि घरी येऊन मला चुकल्यासारखं वाटत राहतं कारण जे सांगायचं असतं ते यातलं काहीच नसतं.

तर माझा नवरा हवामान खात्यात आहे. पुणेकर ज्याला वेधशाळा म्हणतात आणि रिक्षावाल्याला सांगताना सिमला ऑफिस म्हणतात तिथे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव, पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं पण चौकाचं नाव तेच राहिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याची बदली आली, मिनिकॉय. मला तेव्हा हे नाव फक्त बातम्यांमधून माहीत होतं, म्हणजे नवरा कधीतरी जेवताना सांगायचा तेवढंच. लेक नऊ वर्षांची होती, धाकटा पाच. मी एका शाळेत गणित शिकवत होते. पहिला विचार अर्थातच असा की त्याने एकट्याने जावं आणि आम्ही इथेच राहावं, सगळे तसंच करतात, सगळ्यांनी तसाच सल्ला दिला.

सासूबाईंनी मात्र मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा भारताचा नकाशा काढला, पुण्यावर बोट ठेवलं आणि सरळ खाली ओढत आणलं, गोवा उजवीकडे राहिलं, मंगळूर राहिलं, कालिकत राहिलं, आणि समुद्रात एका ठिपक्यावर बोट थांबलं. "अगं हे तर आपल्याच खाली आहे," म्हणाल्या. आणि ते शब्दशः खरंय. मिनिकॉयचं रेखांश ७३ अंशाच्या आसपास आणि पुण्याचं ७४ च्या जरासं अलीकडे, म्हणजे दोन्हीकडे डोक्यावर सूर्य येतो त्यात तीन-चार मिनिटांचाच फरक. नाकासमोर दक्षिणेला निघालात तर साधारण अकराशे किलोमीटरवर ते बेट. का कुणास ठाऊक, पण सासूबाईंच्या त्या एका वाक्याने माझं मन वळलं. दुसऱ्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. घरात दोन दिवस अबोला होता, माझ्या आईशी तर जास्तच, पण ते जाऊ दे.

जायचं म्हणजे काय ते आधी सांगते कारण लोकांना वाटतं विमान पकडलं की झालं. मिनिकॉयला विमानतळ नाही, लक्षद्वीपात तो फक्त अगत्तीला. बाहेरच्या माणसाला परमिट लागतं, नोकरीवर जाणाऱ्याचीही कागदपत्रं असतात. पुण्याहून पूर्णा एक्स्प्रेसने एर्नाकुलम, तिथून विलिंग्डन आयलंडवरचा धक्का, आणि मग जहाज. कोचीपासून चारशे किलोमीटर. मधे दुसरी बेटं घेत गेलं तर आणखी वेळ. आमचं घरसामान आमच्या आधी निघालं आणि आमच्या नंतर वीस दिवसांनी पोचलं, तोवर आम्ही चार ताटं, एक कुकर आणि दोन चादरींवर संसार केला. हे परमिट आणि जमिनीचे नियम आहेत ते बेटावरच्या लोकांच्या रक्षणासाठी आहेत, आणि इथे पुण्यात मला आत्तापर्यंत तीन जणांनी तिकडे प्लॉट मिळतो का असं विचारलंय. नाही मिळत. आणि नाही मिळत हे मला फार बरं वाटतं.

पहाटे डेकवर गेलो तेव्हा पहिल्यांदा दीपगृहाचा प्रकाश दिसला, बेट दिसायच्या कितीतरी आधी. १८८५ सालचं दीपगृह आहे ते, इंग्रजांच्या काळातलं. मिनिकॉयच्या उत्तरेला नाइन डिग्री चॅनल आणि दक्षिणेला एट डिग्री चॅनल, नववा आणि आठवा अक्षांश म्हणून ही नावं. त्या नाइन डिग्रीमधून सुएझकडून सिंगापूरकडे जाणारी मोठमोठी जहाजं रात्रंदिवस जात असतात. मालदीवचं सगळ्यात वरचं बेट तिथून दीडशे किलोमीटरच्या आत, आणि लक्षद्वीपचं दुसरं कुठलंही बेट त्याहून लांब. ही गोष्ट भाषेत दिसते, जेवणात दिसते, सगळ्यात दिसते.

बेट म्हणजे चंद्रकोर. लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, रुंदी कुठेही एक किलोमीटरच्या फार वर नाही, क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरच्या घरात. २०११ च्या जनगणनेत १०,४४७ माणसं. म्हणजे आमच्या कोथरूडमधल्या चार-पाच मोठ्या सोसायट्या. पण ही माणसं दहा-अकरा गावांत राहतात, गावाला अवह म्हणतात, आणि प्रत्येक गावाचा एक बोदुकाका असतो आणि बायकांची एक बोदुताता. बोदु म्हणजे मोठा. गावात लग्न असलं, होडी ओढायची असली, किनारा साफ करायचा असला की यांनी बोलवायचं आणि प्रत्येक घरातून माणूस यायचं. घर बाईच्या नावाने चालतं, मुलगी लग्न होऊन दुसरीकडे जात नाही, नवरा तिच्याकडे येतो. पुरुष पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी, त्यामुळे घर, शेजार, गाव सगळं बायकांच्या हातात. मला हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. मला ते कळलं जेव्हा आमच्या शेजारच्या ताता पहिल्याच संध्याकाळी आल्या, माझ्या नवऱ्याला ओलांडून सरळ माझ्यापाशी आल्या आणि खुणेने विचारलं, पाणी कुठलं पिताय.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण बेटावर राहणं म्हणजे मुळात पाण्याचा विचार करणं. बेट प्रवाळाचं, नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, पातळ थर असतो गोड्या पाण्याचा, सायीसारखा. विहीर खणली की हाताच्या अंतरावर पाणी लागतं, पण पंप लावून उपसत बसलात तर साय संपते आणि खालचं खारं वर येतं. एकदा खारी झालेली विहीर लवकर सुधारत नाही. त्यामुळे माझ्या विहिरीत मी किती पाणी उपसते हा फक्त माझा प्रश्न नसतो, शेजारणीचा पण असतो. पिण्यासाठी २०११ पासून तिथे समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने केलेला. प्रवाळ बेटाचा कडा एकदम खोल जातो म्हणून किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी मिळतं. वरचं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून उकळवायचं, त्याची वाफ त्या गार पाण्याने थंड करायची, झालं गोडं पाणी. दिवसाला एक लाख लिटरसाठी बांधलेला प्रकल्प. पुण्यात आम्ही गच्चीवरची टाकी ओसंडून वाहताना ऐकत टीव्ही बघायचो. आता मला तो आवाज सहन होत नाही, मी जिन्याने धावत जाऊन मोटर बंद करते, आमची असो की शेजारच्या विंगची.

मुलांचं सांगते. धाकट्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, आई इथली कुत्री कुठे गेली. लक्षद्वीपात रस्त्यावर कुत्रीच नसतात, सापही नाहीत म्हणतात. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या काळूला तो रोज पोळी घालायचा, त्याला आठवडाभर चैन पडलं नाही, मग मांजरं सापडली आणि ते मिटलं. पाच वर्षांचं मूल कुठेही रुजतं. दोन महिन्यांत तो महल, म्हणजे बेटाची भाषा, बोलायला लागला, चार महिन्यांनी झोपेत महल बोलायला लागला.

लेकीचं मात्र तसं झालं नाही. ती नऊ वर्षांची, तिच्या मैत्रिणी इथे, कथकचा क्लास इथे, आज्जी इथे. शाळेत मुली आपसात महल बोलायच्या, बाई मल्याळम आणि इंग्रजी बोलायच्या, आणि ही मधे. रोज संध्याकाळी लगूनच्या, म्हणजे प्रवाळाने अडवलेल्या उथळ पाण्याच्या, काठावर बसून रडायची, मोठ्याने नाही, नुसतं पाणी यायचं डोळ्यातून. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून, व्हिडिओ कॉल लावला की आज्जीचा चेहरा अर्धा गोठायचा आणि हिला आणखी रडू यायचं. मी त्या दिवसांत कितीदा तिकिटं बघितलीत परतीची. ज्यांना मुलांना घेऊन असं कुठे जायचंय त्यांना मी हे पहिलं सांगते, पहिले पाच-सहा महिने मोठ्या मुलाचे फार वाईट जातात आणि त्यावर काही उपाय नाही, जवळ बसायचं फक्त.

तिला बाहेर काढलं शब्दांनी. झालं असं की ताता तिला आकडे शिकवत होत्या, मी आत भाजी चिरत होते आणि माझ्या कानावर आलं, एके, दे, तिने, हतरे, फहे. मी सुरी ठेवून बाहेर आले. हे तर आपलेच आकडे! मग नवऱ्याने कुठूनतरी वाचून सांगितलं की महल म्हणजे मालदीवच्या धिवेहीची बहीण, आणि धिवेही ही सिंहलीच्या जवळची, म्हणजे मराठीच्याच मोठ्या घराण्यातली भाषा. आजूबाजूला सगळं मल्याळम आणि मधेच हे. लिपी वेगळी, थाना म्हणतात, उजवीकडून डावीकडे. पण शब्द! पाण्याला फेन. आपला प तिथे फ होतो. चंद्राला हंदु, साखरेच्या कुळातला हकुरू म्हणजे त्यांचा गूळ, म्हणजे आपला च आणि स तिथे ह. पाय म्हणजे फाय. मीठ म्हणजे लोनु, आपल्या लोणच्यातलं. मासा आणि महिना दोन्हीला मस. लेकीने एक वही केली, डावीकडे मराठी, उजवीकडे महल, आणि मधे बाण. वर्षाच्या शेवटी त्यात तीनशेच्या वर शब्द होते. गावातल्या म्हाताऱ्या बायका तिला मुद्दाम हाक मारून शब्द द्यायच्या, जसे आपल्याकडे मुलांना शेंगदाणे देतात तसे. ती वही आता पुण्यात तिच्या उशाशी असते.

तातांचे यजमान पूर्वी जहाजावर होते, मुंबईच्या गोदीत कितीतरी वेळा उतरलेले. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "काय पाहिजे? बसा बसा." त्यांना येणारी मराठी तेवढीच, पण त्या बेटावर ते ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मासेमारी बघायला मुलं माझ्याशिवाय जायची, मी दोनदाच गेले. ट्यूना, आपल्याकडे कुपा म्हणतात तो, तिथे जाळ्याने नाही तर काठी आणि गळाने धरतात, एकेक मासा. आधी लगूनमधून बारीक जिवंत मासे पकडायचे, ते होडीच्याच पोटातल्या पाण्यात जिवंत ठेवायचे, मग बाहेर खोल समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की ते बारीक मासे फेकायचे, वरून पाणी उडवायचं म्हणजे कुप्यांना वाटतं खालीच सगळं खाद्य आहे, आणि मग ओळीने उभे राहिलेले पुरुष काठ्या उचलतात, गळाला उलटा काटा नसतो त्यामुळे मासा हवेतून येऊन आपोआप सुटून डेकवर पडतो. पाच मिनिटं हा गोंधळ, मग एकदम शांत. जो मासा खपत नाही तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात, लाकडासारखा कडक होतो, त्यालाही मसच म्हणतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा हाच मस, खोबरं, आणि भात. भाजी म्हणाल तर शेवग्याचा पाला, नीरफणस, केळी, पपई. कांदे-बटाटे जहाजाने. कोथिंबीर मी अडीच वर्षांत मोजून सहा वेळा बघितली.

आता नवऱ्याच्या कामाचं, कारण सगळ्यात जास्त मला तेच लिहायचंय.

मिनिकॉयच्या वेधशाळेतून रोज हवेत फुगा सोडतात. हायड्रोजन भरलेला मोठा पांढरा फुगा, खाली दोरीला चहाच्या पुड्याएवढी पेटी. साडेपाचच्या नोंदीसाठी पहाटे पाचच्या सुमाराला सोडायचा. जगभरात त्याच वेळेला असे फुगे सुटतात. तो वर वर जातो, तापमान, दमटपणा, वारा सगळं खाली कळवत जातो, वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर कुठेतरी फुटतो. मुलं पहिल्या महिन्यात रोज उठायची बघायला, मग कधीमधी. मी मात्र अंगणातून बऱ्याचदा बघायचे. अंधारात तो दिसत नाही, पण खूप वर गेला की पूर्वेचा उजेड त्याला आपल्या आधी मिळतो आणि तो गुलाबी होतो.

आणि सकाळी साडेआठला पर्जन्यमापक. आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा. केरळात मान्सून आला असं खातं जाहीर करतं ते कशावरून, तर चौदा ठिकाणं ठरलेली आहेत, यादीत पहिलं नाव मिनिकॉय, मग अमिनी, तिरुवनंतपुरम, पुनलूर असं वर येत येत मंगळूरपर्यंत. १० मेनंतर यातल्या साठ टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडायला हवा, शिवाय वाऱ्याचा आणि ढगांचा वेगळा हिशोब असतो. अडीच मिलिमीटर! म्हणजे फरशी नीट ओली होईल एवढा. २०२३ च्या जूनमध्ये लेक बाबाबरोबर रोज सकाळी जायची, काचेच्या मापात पाणी ओतलं की खाली वाकून डोळा पातळीला आणून वाचायची आणि बाबा वाचायचा त्याच्याशी जुळलं की नाही बघायची. पुण्यात मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख १० जून, केरळात १ जून. ती आज्जीला फोनवर सांगायची, आज्जी आमच्याकडे आला, तुझ्याकडे दहा दिवसांनी येईल, छत्री काढून ठेव.

२०२४ चा जुलै. रात्री अकराला लेकीच्या पोटात दुखायला लागलं. ओवा दिला, शेक दिला, पण एकच्या सुमाराला तिला सरळ उभं राहता येईना आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं. बाहेर वारा असा की माडांचा आवाज समुद्राच्या वर. ताता उठून आल्या, त्यांच्या भाच्याने गाडी काढली, दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले अपेंडिक्सची शंका आहे, औषध चालू करतो, पण ऑपरेशनची वेळ आली तर कोचीला न्यावं लागेल, हेलिकॉप्टर उजाडल्यावरच, आणि हवा बरी असेल तरच.

हवा बरी आहे की नाही हे बेटावरून कळवणार कोण? त्या सकाळची ड्यूटी माझ्या नवऱ्याचीच होती. तो साडेचारला दवाखान्यातून निघून गेला. ढगांचा तळ किती उंचीवर, किती लांबचं दिसतंय, वारा कुठून आणि किती, त्याने बघितलं, लिहिलं, पाठवलं. पुन्हा तासाने, पुन्हा तासाने. साडेनऊला भिजलेला परत आला आणि मी त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मी त्याला कॉरिडॉरमध्ये विचारलं, आज पहिल्यांदा लिहितेय हे, मी विचारलं की थोडं वर लिहिता आलं नसतं का, ढग थोडे वर, एवढंच. तो खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चालवणाऱ्यालाही घरी मुलं असतील गं." आणि तिच्या पलंगाशी जाऊन बसला, तिचा तळपाय हातात धरून.

मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते. आता लिहिताना मला त्याचा इतका अभिमान वाटतोय की सांगता येत नाही.

हेलिकॉप्टर त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. औषधाने ताप उतरत गेला, डॉक्टर दर दोन तासांनी येत होते, तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. ते तीन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात गावातल्या बायका पाळीपाळीने बसून होत्या, मी कुणाला बोलावलं नव्हतं, बोदुतातांनी निरोप दिला होता. धाकटा कुणाकडे जेवतोय कुणाकडे झोपतोय हे मला तीन दिवस माहीतच नव्हतं आणि एकदाही काळजी वाटली नाही. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात येऊन तिचं ऑपरेशन करून घेतलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही गणपती बसवला, सुपारीचा, पाटावर तांदूळ घालून. बेटावर शाडू कुठून आणणार, माती म्हणजे नुसती पांढरी वाळू. सगळं गाव मुसलमान, मला आधी संकोच वाटत होता की सांगावं की नाही, मग लेकीनेच जाऊन सांगून टाकलं. ताता सकाळी दहा नारळ घेऊन आल्या, आणि मोदकाला गूळ पुरेना म्हणून माडाच्या रसाचा तो हकुरू दिला त्यांनी. तांदळाची पिठी मी कोचीहून आणवली होती. त्या सारणाला धुरकट वास होता थोडा, आणि मला खरंच आता साध्या गुळाचे मोदक जरा फिके लागतात. विसर्जन बादलीत, आणि बादलीतलं पाणी माडाच्या मुळाशी.

जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली तेव्हापासून आज्जी न गोठता दिसायला लागली, हे राहिलंच सांगायचं. त्याने फार फरक पडला. लेकीचा कथकचा क्लासही ऑनलाइन सुरू झाला, ताता शेजारी बसून तिचे तोडे बघायच्या आणि मान डोलवायच्या.

२०२५ च्या एप्रिलमध्ये परत आलो. माझी नोकरी मिळाली नाही, जुन्या ठिकाणी जागा भरली होती, दुसरीकडे मुलाखतीत अडीच वर्षं काय केलंत असं अशा सुरात विचारलं की उत्तर द्यावंसंच वाटलं नाही. आता घरी शिकवण्या घेते. धाकट्याला पहिले दिवस रस्ता ओलांडता येत नव्हता, कर्वे रोडला माझा हात इतका घट्ट धरायचा की नखं रुतायची.

आणि मग मे महिना. २४ मेला मान्सून केरळात, २६ ला तर पुण्यात. तातांचा फोन आधीच येऊन गेला होता, आमच्याकडे लागला, कपडे आत घ्या. त्याच आठवड्यात एका लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी नेहमीचा विनोद केला, वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे आज छत्री नको. सगळे हसले. नवरासुद्धा हसला, त्याला सवय आहे. मला हसू आलं नाही. अंदाज चुकतात, मला माहितीये, त्यालाही माहितीये, चुकला की त्याला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. पण त्या अंदाजाच्या तळाशी कुणीतरी पहाटे पाचला वाऱ्यात उभं राहून दोन्ही हातांनी फुगा धरलेला असतो, आणि मापात जेवढं पाणी आहे तेवढंच लिहिलेलं असतं, घरात काहीही चालू असलं तरी. मी तिथेच थांबून हे सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, मठ्ठा वाढत होते.

असो. खोक्यात अजून थोडी जागा आहे. सासूबाई म्हणतायत पुरणपोळ्या दे, त्या टिकणार नाहीत म्हटलं तर गुळपोळ्या करते म्हणाल्या, आत्ता गूळ किसतायत. धाकट्याने काळूचा फोटो घातलाय, मागे महलमध्ये काहीतरी लिहिलंय, थानाची तीन अक्षरं त्याला अजून आठवतात. लेकीने वहीतली शेवटची दोन पानं झेरॉक्स करून घातलीत, पाच शब्दांपुढे जागा रिकामी ठेवलीये, तातांनी भरून परत पाठवायचे म्हणून. उद्या सकाळी कुरिअरवाला येतोय, आठ दिवसांत कोची, आणि जहाज बारा तारखेला आहे.